बुद्धिबळ सोडून शोगी कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

"सांगलीची पोरगी, घरात बुद्धिबळ, आणि तू हे जपानी काय घेऊन बसलीस?" हा प्रश्न मला लग्नात विचारतात, ऑफिसात डबा खाताना विचारतात, आणि २०२५ च्या जुलैत आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं बाटुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकला तेव्हा तर दोन दिवसांत तिघांनी फोन करून विचारला. त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न ठरलेला, की बाई गं, पण खेळतेस तरी कुणाशी? शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ. दोन्हीचं उत्तर एकच आहे, फक्त ते दोन वाक्यांत येत नाही, म्हणून लिहितेय.

प्रश्न रास्त आहे हं. आमच्या गावात भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं, तेव्हापासून सांगली म्हटलं की हळद आणि बुद्धिबळ. बाबा रोज संध्याकाळी एक तरी डाव मांडायचेच, मला राजा-वजीर आधी कळले आणि बाराखडी नंतर. शाळेत असताना मी बऱ्याच स्पर्धा खेळले आणि दहावीच्या सुमारास सोडलं. का सोडलं ते सांगते. हरलं की कागदावर सही करायची, हात मिळवायचा, आणि उठायचं. मग मी हॉलच्या बाहेर जिन्यात बसून राहायचे, आणि नक्की कुठे चुकलं हे मला कुणी सांगायचं नाही, समोरचा तर केव्हाच निघून गेलेला असायचा. बुद्धिबळातही चांगले खेळाडू डाव संपल्यावर एकत्र बसतात, बोलतात, हे मला माहितीये, त्यामुळे दोष खेळाचा नाही, पण माझ्या वाट्याला तो जिनाच आला.

मग २०२० चा लॉकडाऊन. यूट्यूबवर हिदेत्ची नावानं एका जपानी माणसाचे शोगीचे व्हिडिओ सापडले, इंग्रजीत, अगदी शांतपणे शिकवलेले, आणि मी एका आठवड्यात सगळे बघून टाकले. पट मागवायची सोय नव्हती. म्हणून कपाटातल्या जुन्या लग्नपत्रिका काढल्या, त्यांचे जाड कागद कापून ४० पाचकोनी मोहरे केले, एका बाजूला काळ्या पेननं मूळ अक्षर आणि ज्यांना बढती मिळते त्यांच्या मागे लाल पेननं बढतीचं अक्षर (बढती मिळाली की मोहरा उलटतात). एका प्याद्याच्या पाठीवर लाल अक्षराखाली 'श्री गजानन प्र' एवढंच छापील उरलं होतं, ते प्यादं अजून माझ्याकडे आहे. खरे मोहरे लाकडाचे असतात, जपानमधले बहुतेक सगळे यामागाता भागातल्या तेंदो या एका गावात बनतात, आणि तिथे एप्रिलमध्ये चेरी फुलली की माणसांनाच मोहरे करून डाव मांडतात. मला एकदा ते बघायचंय.

खेळ थोडक्यात असा. पट ९ बाय ९, म्हणजे ८१ घरं, दोघांकडे वीस-वीस मोहरे. दोन्ही बाजूंचा रंग एकच! कोणता कुणाचा ते टोक कुणाकडे आहे त्यावरून कळतं, कारण तुम्ही मारलेला मोहरा खेळातून जात नाही, तो तुमच्या हातात येतो आणि पुढे कधीही, आपली चाल म्हणून, जवळपास कुठल्याही रिकाम्या घरात तुम्ही तो आपल्या बाजूनं उतरवू शकता. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानवर अमेरिकन अंमल होता तेव्हा अमेरिकन अधिकाऱ्यांनी मासुदा कोझो या नामवंत खेळाडूला विचारलं होतं म्हणे, की तुमचा खेळ कैद्यांना राबवून घेतो, हे बरं आहे का? त्यावर त्यानं सांगितलं की आम्ही कैद्यांना मारत नाही, त्यांचा हुद्दा तसाच ठेवून कामावर घेतो. किस्सा त्यानंच पुढे सांगितलेला आहे, तेव्हा थोडा मीठमसाला असेल, पण खेळाचं वर्णन अचूक आहे. यामुळे होतं काय, की बुद्धिबळात जसा मोहरे मरून मरून पट रिकामा होत जातो तसं इथे होतच नाही, डाव जितका पुढे जातो तितका तापत जातो, आणि बरोबरी फार म्हणजे फारच क्वचित.

आपल्या जुन्या देशी बुद्धिबळात प्यादेमात म्हणजे केवढा मान, प्याद्यानं राजा मारला की जिंकणाऱ्याची कॉलर ताठ. शोगीत बरोबर उलट नियम आहे, हातातलं प्यादं उतरवून थेट मात करायला बंदी, केलीत तर तुम्हीच हरलात. (पटावर आधीपासून असलेलं प्यादं पुढे सरकवून मात केलेली चालते.) आणि एका उभ्या ओळीत आपली दोन साधी, म्हणजे बढती न मिळालेली, प्यादी झाली की तिथल्या तिथे डाव गेला, याला निफू म्हणतात, व्यावसायिक खेळाडूंकडूनसुद्धा टीव्हीवरच्या सामन्यात हे झालेलं आहे.

पण मी ज्याच्यावर जीव टाकला तो मोहरा म्हणजे 'गिन', चांदी. राजाच्या दोन्ही बाजूंना आधी 'किन', म्हणजे सोनं, आणि त्याच्या बाहेर चांदी. चांदी एक घर सरळ पुढे जाते किंवा चारही कोपऱ्यांत तिरकी एक घर. एवढंच. सरळ मागे नाही, आडवी नाही. ही चाल मला विचित्र वाटायची, लक्षातच राहायची नाही, आणि मग एकदा अल्-बेरुनी या मध्ययुगीन विद्वानानं केलेलं वर्णन वाचनात आलं. तो साधारण १०३० च्या सुमारास हिंदुस्थानाबद्दल लिहितो, त्यात इथे चार जण फासे टाकून बुद्धिबळ खेळतात त्याचं वर्णन आहे, आणि हत्तीबद्दल तो म्हणतो की हत्ती एक घर पुढे जातो आणि चार कोपऱ्यांना एक-एक घर, आणि इथले लोक सांगतात की ही पाच घरं म्हणजे हत्तीची सोंड आणि चार पाय. मी तिथेच थांबले. ही तर चांदी! अगदी तंतोतंत! ब्रह्मदेशाच्या बुद्धिबळात या चालीच्या मोहऱ्याला आजही हत्तीच म्हणतात, थायलंडच्या खेळातही हीच चाल आहे. आपल्याकडे हत्ती पुढे बदलला, सरळ रेषेत लांब पळायला लागला, पण ती जुनी चाल पूर्वेकडे जिवंत राहिली. ती जपानला नेमकी कोणत्या वाटेनं पोचली यावर अभ्यासक वाद घालतात, घालू देत, पण तेव्हापासून मला चांदी हलवताना सोंड आणि पायच दिसतात. त्यामुळे 'आपलं सोडून परक्याचं' असं कुणी म्हटलं की मला मनापासून वाटतं, की अहो, हा आपल्याच घरातून गेलेला हत्ती आहे.

आता कुणाशी खेळते. ८१ डोजो नावाचा एक सर्व्हर आहे, ८१ घरं म्हणून ८१, आणि लिशोगी आहे, दोन्हीकडे फुकट खेळता येतं. जपान आपल्या साडेतीन तास पुढे, त्यामुळे मी रात्री जेवून नऊला बसते तेव्हा तिथे साडेबारा वाजलेले असतात, मग सापडतात ते युरोपातले, पोलंडचे, बेलारूसचे, फ्रान्सचे, त्यांची तेव्हा संध्याकाळ होत असते. रविवारी सकाळी मात्र जपानी आजोबा मंडळी. जपानबाहेर हा समाज इतका लहान आहे की महिन्याभरात नावं ओळखीची होतात, कुणाची परीक्षा आहे, कुणाला बाळ झालंय, सगळं कळतं.

सुरुवातीला मी एका अशाच जपानी आजोबांशी खेळले. ते दान, म्हणजे वरच्या दर्जाचे, मी क्यूच्या, म्हणजे शिकाऊ दर्जाच्या अगदी तळाला, म्हणून त्यांनी सहा मोहऱ्यांची सूट दिली, म्हणजे त्यांचा हिशा (आजच्या बुद्धिबळातल्या हत्तीसारखा सरळ पळणारा) आणि काकू (हो, काकूच, आपल्या उंटाला ते असंच काहीसं म्हणतात), दोन्ही घोडे आणि दोन्ही भाले पटावरून काढूनच डाव सुरू. शोगीत अशी सूट घेण्यात कमीपणा नसतो, शिकवायची रीतच ती आहे. तरीही मी हरले, आणि सवयीनं लॅपटॉप मिटून झोपले. सकाळी बघते तर भाषांतराच्या अॅपमधून केलेलं मोडकंतोडकं इंग्रजी, अर्थ असा की काल तुम्ही लवकर गेलात, तुम्ही मला तीन ठिकाणी हरवू शकत होतात, वेळ असेल तर या, दाखवतो. मी गेले. त्यांनी डाव पहिल्यापासून मांडला आणि एका जागी थांबून माझी पुढे पळालेली चांदी तिरकी एक घर मागे घेतली. बस्स. तेवढ्यानं माझा राजा वाचत होता आणि त्यांचा अडकत होता. मागचे दोन पाय मी वापरलेच नव्हते! बघता बघता आणखी दोघं येऊन बसले, एकानं वेगळी चाल सुचवली, आजोबा म्हणाले हो, ही जास्त चांगली. तासभर चाललं ते सगळं, माझ्या हरलेल्या डावावर. मला त्या जिन्याची आठवण आली आणि डोळे भरून आले, खरंच.

याला कान्सोसेन म्हणतात. डाव सुरू होताना 'ओनेगाइशिमास' म्हणायचं, आणि हरलात की मान लववून स्वतःच्या तोंडानं 'मकेमाशिता', मी हरलो, असं म्हणायचं, मग दोघांनी मिळून डाव पुन्हा बघायचा. फुजिइ सोता, जो १४ व्या वर्षी व्यावसायिक झाला, पहिले २९ सामने न हरता जिंकला आणि २०२३ च्या ऑक्टोबरात आठही मोठे किताब एकाच वेळी मिळवले, तोसुद्धा हरला की असंच मान लववतो आणि तिथेच बसून कुठे चुकलं ते समोरच्याशी बोलतो. मला शोगीत जे हवं होतं ते हे आहे. बाकी सगळं नंतर.

"पण यातून मिळणार काय?" असंही विचारतात. पोलंडच्या कारोलिना स्तिचिन्स्का हिनं एका मांगात, म्हणजे जपानी चित्रकथेत, शोगी बघितली, ऑनलाइन शिकली, ऑनलाइनच ओळखी झाल्या, जपानला गेली, आणि २०१७ मध्ये महिला व्यावसायिक झाली, जपानबाहेरची पहिलीच. मला तसं काही व्हायचं नाहीये, माझं वय आणि नोकरी दोन्ही आड येतं, पण वॉर्सात बसलेल्या मुलीला हे होऊ शकलं ते रोज रात्री तिच्याशी कुणीतरी खेळत होतं म्हणून, एवढं मला पक्कं कळतं. म्हणून आता नवीन कुणी आलं की मीही सहा मोहरे काढून ठेवते.

गेल्या दिवाळीत सांगलीला गेले तेव्हा लाकडी पट सोबत नेला होता. बाबांनी आधी नाकं मुरडली. मग मी पाच प्यादी हातात खुळखुळवून चादरीवर टाकली, पहिली चाल कुणाची ते असंच ठरवतात, सुलटी जास्त की उलटी, आणि बाबा एकदम पुढे सरकून म्हणाले, "अगं, ह्या तर कवड्याच की." हत्तीची गोष्टही सांगितली. अक्षरं लागेनात म्हणून प्रत्येक मोहऱ्याला चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर बाणांनी चाली काढून दिल्या. सूट घ्यायला तयार होईनात, बरोबरीनंच खेळणार म्हणाले, आणि चाळीस-एक चालींत हरले. मी मोहरे गोळा करायला हात पुढे केला तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब. उचलू नकोस. हा हत्ती मी इथून मागं घेतला असता तर?"

आई दोनदा जेवायला बोलावून गेली. आम्ही अजून त्याच चालीवर होतो.