धुता येते का, असे विचारलेत म्हणून

नौपाड्यातल्या माझ्या शिवणाच्या खोलीत येणारा जवळपास प्रत्येक जण दिवे गुंफलेला पोशाख हातात घेतो, उलटून अस्तर पाहतो आणि विचारतो, "हे धुता येते का?" इतकी वर्षे मी "हो" म्हणत आले. ते उत्तर अपुरे होते.

धुता येते, हे खरे. बॅटरी आणि दिवे चालवणारा छोटा कंट्रोलर मी धातूच्या टिचबटणांवर बसवते. वीज त्या बटणांतूनच जाते आणि धुण्याआधी तेवढा भाग काढून ठेवता येतो. कपड्यात उरतो तो वीजवाहक दोरा. चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा दोरा ब्लीचने काळवंडतो आणि घड्यांवर झिजतो. स्टीलचा दोरा अधिक टिकतो, पण त्यावर सहज सोल्डर, म्हणजे जोड पक्का करणारा वितळवलेला धातू, बसत नाही, म्हणून प्रत्येक गाठीवर मी पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब सोडते. हे परदेशी खूळ आहे असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगते की १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधल्या रेहमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी अशा प्रयोगांसाठी जे ऑर्गंझा नावाचे पातळ रेशमी कापड घेतले, त्याच्या बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत, तांब्याची पत्री गुंडाळलेला दोरा होता, आणि तसे कापड आपल्याकडे आधीपासूनच विणले जात होते.

आता जे आजवर सांगितले नाही ते. कथक शिकणाऱ्या एका मुलीसाठी मी कळीदार अंगरखा शिवला होता. आत वेग मोजणारा सेन्सर होता; चक्कर जितकी जलद, तितका घेर उजळायचा. वीजवाहक दोऱ्याच्या धन आणि ऋण अशा दोन ओळी मी धावदोऱ्याने कमरेपासून खाली नेल्या होत्या आणि वहीत लिहिले होते, "अंतर दोन बोटे, पुरेसे आहे." टेबलावर पसरलेल्या कापडावर ते पुरेसेच होते. कार्यक्रमात मात्र ती सलग चकरा घेऊन समेवर थांबली तेव्हा घामाने ओला झालेला घेर उलट वळून अंगाला चिकटला, दोन्ही ओळी एकमेकींना टेकल्या, दिवे विझले आणि दोरा तापला. तिने नृत्य पूर्ण केले. मेकअपच्या खोलीत अंगरखा वर केला तेव्हा कमरेवर एक लाल रेघ उठली होती, टाक्यागणिक तुटक, अगदी माझ्या धावदोऱ्यासारखी. "ताई, मला वाटले नाडी रुतते आहे," एवढेच ती म्हणाली.

इतकी वर्षे शिवणकाम केलेल्या बाईने कापड कधीच सपाट राहत नाही हे विसरावे, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. त्या वेळी मी स्वतःला समजावले की नव्या कामात चुका होतातच. पण चूक माझी होती आणि चटका तिला बसला. आता दोन ओळींच्या मध्ये अस्तर असते, बॅटरीपाशी फ्यूज असतो आणि पोशाख आधी मी स्वतः अंगावर घालून, घाम येईपर्यंत फिरून पाहते. तरीही घाम खारट असतो, त्यातून वीज वाहते, आणि नाचणाऱ्या शरीराचा प्रत्येक वळसा मला आधी कळणार नाही.

त्याच मुलीने पुन्हा अंगरखा मागितला आहे. तिच्या आईने या वेळीही धुण्याबद्दलच विचारले, आणि मी त्यांना आधी ती रेघ कशी उठली ते सविस्तर सांगितले. त्यांनी अजून होकार कळवलेला नाही. कळ्या बेतून ठेवल्या आहेत.