आईबाप काय करत होते?

गोव्यात डिचोलीत राहू लागल्याला आता अर्ध्याहून अधिक आयुष्य झाले, तरी मी मूळचा वरळीच्या बीडीडी चाळीतला आहे असे कळले की समोरचा माणूस थोड्या वेळाने एक प्रश्न विचारतोच: गिरणी संपानंतर तिथली पोरे टोळ्यांत जात होती, तेव्हा त्यांचे आईबाप काय करत होते? तुम्हीही विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. या प्रश्नात घर एका बाजूला आणि टोळी दुसऱ्या बाजूला असे गृहीत धरलेले असते. आमच्या मजल्यावर तशी रेघ कोणी आखलेली नव्हती.

आधी जागा समजून घ्यावी लागेल. 1920 च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजेच बीडीडीने, कष्टकऱ्यांसाठी वरळी, नायगाव, शिवडी आणि आज ज्याला ना. म. जोशी मार्ग म्हणतात तिथे मिळून 207 चाळी बांधल्या. तळमजल्यावर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, प्रत्येक खोली 160 चौरस फुटांची आणि संडास सामाईक. त्या एका खोलीत आजी, आईवडील, आम्ही भावंडे आणि गावाहून काम शोधायला आलेला एखादा चुलता, एवढी माणसे झोपत असल्यामुळे मिसरूड फुटलेल्या मुलाने जेवण आटोपून पॅसेजमध्ये नाहीतर खाली मैदानात पथारी टाकायची, हा घरोघरचा शिरस्ता होता. रात्री मुलगा कुणाबरोबर बसतो हे आईने पाहायचे म्हटले, तरी ती पाहणार कुठून?

तरीही हे कितीतरी वर्षे निभावले, कारण मुलगा कामाला लागायचा. बापाच्या ओळखीने बदली कामगार म्हणून गिरणीत शिरायचे आणि पुढे कायम व्हायचे, ही वाट ठरलेली होती. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि ती वाट बंद झाली. कालपर्यंत पाळीवर जाणारा बाप दिवसभर खोलीत बसू लागला, आई पोळीभाजीचे डबे करू लागली, आणि बायकोच्या कमाईवर जेवणारा तो माणूस ‘रात्री कुठे होतास’ असे मुलाला विचारायला कचरू लागला. माझ्या मते टोळ्यांना सर्वांत जास्त उपयोग झाला तो या गप्प बसलेल्या बापाचा.

टोळीचा माणूस चाकू घेऊन दारात येत नसे. तो मंडळाच्या गणपतीला वर्गणी देई, कुणाला जामीन मिळवून देई, कुणाचे थकलेले भाडे भरी. अशा ‘भाई’ला लोक किती मानत, हे पुढे 2004 साली दगडी चाळीचा अरुण गवळी आमदार झाला तेव्हा बाहेरच्यांनाही दिसले. मुलाने आणलेले पैसे आई तांदळाच्या डब्यात ठेवी आणि ते कुठून आले हे विचारत नसे, कारण विचारले तर परत करावे लागतील हे तिला कळत होते; थोरलीचे लग्न तर तोंडावर आलेले असे. याला कुणी लोभ म्हणत असेल, तर त्याने संपाच्या दुसऱ्या वर्षी वाण्याची उधारी किती झाली होती, तेही विचारावे.

आया अडवत नव्हत्या हे मात्र खरे नाही. त्यांनी देवीच्या शपथा घातल्या, लाटण्याने मारले, मोठ्या माणसांकडून समजावून पाहिले. याच चाळींत पोलिसांचीही बिऱ्हाडे होती; आमच्या मजल्यावरचे हवालदारकाका अधूनमधून हळूच सांगत, ‘वहिनी, पोराला महिनाभर गावी पाठवा.’ पण गाव म्हणजे काय, तर कोकणातली किंवा साताऱ्याकडची तुटपुंजी जमीन आणि मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालणारे घर. संप सुरू झाला तशी मनीऑर्डर थांबली, आणि जो चुलता वर्षानुवर्षे आमच्या पैशांची वाट पाहत होता त्याच्याकडे पोसायला आणखी एक पोर कसे धाडणार? मुलांना लपवण्याची ती जागासुद्धा गिरण्यांबरोबरच गेली होती.

माझे मामा डिचोलीत होते. त्यांचे किराणा दुकान होते, खाणींवरच्या ट्रकवाल्यांमुळे गिऱ्हाईक बरे होते, आणि दुकानात एका पोराची गरजही होती. दहावी होताच आईने मला इकडे धाडले. ‘तुमच्या आईने केले ते इतरांनी का केले नाही’, असे काही जण पुढे विचारतात. समोरच्या खोलीतल्या मावशी माझ्या आईपेक्षा कडक होत्या. त्यांना असा भाऊ नव्हता. त्यांच्या मुलाला पोलिसांनी तडीपार केले तेव्हा प्रत्येक तारखेला कोर्टाबाहेर त्या डबा घेऊन उभ्या राहत, आणि धाकटीला बघायला आलेली मंडळी थोरल्याचे नाव ऐकून चहा न घेताच उठत.

मामांकडे सोय एकाचीच होती. माझ्या धाकट्या भावाला आईने डबे पोहोचवण्याच्या कामाला जुंपले आणि संध्याकाळी रात्रशाळेत घातले. शाळा सुटण्याच्या वेळी ती स्वतः फाटकापाशी जाऊन थांबे आणि मित्रांदेखत त्याला हाताला धरून घरी आणी. त्या अपमानाबद्दल तो अजूनही तिच्यावर चिडतो.