मुलाला मागे का खेळवता?

सराव संपल्यावर मी मैदानावरचे प्लॅस्टिकचे कोन गोळा करत असतो तेव्हा एखादे पालक जवळ येतात. मुलाच्या बुटांबद्दल, अभ्यासाबद्दल दोन वाक्यं होतात आणि मग खरा प्रश्न येतो. "सर, याला पुढे खेळवा की. मागे खेळून कुणाचं काय भलं झालंय?" मी स्वतः फुटबॉलमध्ये स्टॉपर, म्हणजे बचावफळीच्या मधोमध, खेळलो, आता बरीच वर्षं मुलांना शिकवतोय, आणि दर मोसमात दोन-चारदा तरी हे ऐकतो. त्यामागची काळजी मला कळते. गोल करणाऱ्याचं नाव छापून येतं, अडवणाऱ्याचं येत नाही. कोन उचलता उचलता दिलेल्या उत्तराने तुमचं समाधान होत नाही, माझंही होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

८ जुलै १९९८. वर्ल्ड कपची सेमीफायनल, फ्रान्स विरुद्ध क्रोएशिया. मध्यंतरानंतर खेळ नुकताच सुरू झाला होता. फ्रान्सची बचावफळी पुढे सरकली, पण राइट बॅक, म्हणजे उजवीकडचा बचावपटू, लिलियान तुराम मागे राहिला. तेवढ्यामुळे क्रोएशियाचा शुकर ऑफसाइडमधून (बचावफळीच्या पलीकडे उभं राहून चेंडू घेतल्याच्या दोषातून) सुटला आणि त्याने गोल केला. आपल्याच देशात भरलेल्या वर्ल्ड कपमध्ये, भरलेल्या स्टेडियमसमोर झालेली ही चूक. लगेच पुढच्याच मिनिटाला तुरामने क्रोएशियाच्या पेनल्टी बॉक्सजवळ चेंडू हिसकावला, सहकारी जोरकाएफकडे दिला, परत घेतला आणि गोल केला. सत्तराव्या मिनिटाला डाव्या पायाने दुसरा. फ्रान्स २-१ ने जिंकलं आणि पुढे वर्ल्ड कपही जिंकलं. तुराम फ्रान्सकडून १४२ सामने खेळला. त्यातले त्याचे एकूण गोल दोन, आणि ते हेच दोन.

मुलांना मी हा सामना दाखवतो तेव्हा गोलपेक्षा मधल्या त्या एका मिनिटावर जास्त वेळ थांबतो. शुकरचा गोल झाल्यावर तुराम लपला नाही, चेंडू जिथे होता तिथे गेला. मला हे जमलं नव्हतं, म्हणून ते मिनिट माझ्या मनात इतकं रुतून बसलंय. एका महत्त्वाच्या सामन्यात समोरून उंच चेंडू आला. तो हेडरने परत पाठवायचा की मागे सरून छातीवर घ्यायचा, हे ठरेपर्यंत मी त्याला टप्पा पडू दिला. स्टॉपरने चेंडूला टप्पा पडू द्यायचा नसतो, हे पहिल्या वर्षी शिकवतात. चेंडू माझ्या डोक्यावरून गेला, समोरचा फॉरवर्ड खांद्याला घासून पुढे निघाला, आणि जाळीचा आवाज मला पाठमोराच ऐकू आला. पण आज वाईट वाटतं ते त्या टप्प्याचं नाही. त्यानंतरची वीस मिनिटं मी एकदाही चेंडू मागितला नाही. गोलीकडे पाठ करून उभा राहिलो आणि जो चेंडू पायाशी आला तो सरळ मैदानाबाहेर मारला.

पुढे खेळणाऱ्याची चूक पुढच्या संधीत विरून जाते, मागच्याची फळ्यावर चढते. त्यामुळे मुलाला बॅक करताना मी त्याची उंची फारशी बघत नाही, ताकदही नाही. चूक झाल्यावर तो कुठे पळतो, ते बघतो. तुमच्या मुलाकडून एकदा चेंडू निसटला होता. त्याने मान खाली घातली नाही. मागे वळून धावत जाऊन त्याने गोलीच्या आणि फॉरवर्डच्या मधली जागा धरली. पाय घातला नाही, झेप घेतली नाही. अंग अर्धं वळवून, गुडघे वाकवून, हातभर अंतर ठेवून तो फॉरवर्डला रेषेकडे ढकलत राहिला, इतका की शेवटी त्याला मारायला कोनच उरला नाही. मैदानाबाहेर कुणी टाळी वाजवली नाही, कारण काही घडलंच नव्हतं. काही घडलं नाही, हेच त्याचं काम होतं.

आता भवितव्याबद्दल. १९९३-९४ च्या मोसमात मिलान क्लबने सेरी आ, म्हणजे इटलीची सर्वोच्च लीग, जिंकली. ३४ सामन्यांत त्यांनी फक्त ३६ गोल केले, म्हणजे सामन्याला जेमतेम एक. आणि खाल्ले फक्त १५. तासोत्ती, कोस्ताकुर्ता, बारेसी आणि मालदिनी या चौघांची फळी वर्षानुवर्षं एकत्र सराव करत होती. चौघांच्या कमरेला एकच दोर बांधलाय असं वाटावं, तशी ती पुढेमागे सरकायची. एक पुढे गेला की बाकीचे तीन जातच. देशाच्या संघात असा दोर बांधायला वेळ मिळत नाही. निरनिराळ्या क्लबांतून आलेल्यांना मोजके दिवस मिळतात आणि शेजाऱ्याची सवय कळायच्या आत सामना येतो. म्हणून डिफेंडरची क्लबमधली कारकीर्द आणि देशाकडची कारकीर्द या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

पाओलो मालदिनीचंच घ्या. १९८५ मध्ये सोळाव्या वर्षी तो मिलानकडून पहिला सामना खेळला आणि २००९ मध्ये चाळिशीत थांबला, त्याच क्लबमधून. मिलानसाठी ९०२ सामने, पाच युरोपियन विजेतेपदं. उजव्या पायाचा असून लेफ्ट बॅक, आणि वेग कमी झाल्यावर मधे स्टॉपर. इटलीकडून १२६ सामने, चार वर्ल्ड कप, आणि एकही विजेतेपद नाही. १९९४ ची फायनल पेनल्टींवर गेली. २००० च्या युरोची, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेची, फायनल गोल्डन गोलवर (जादा वेळेत पहिला गोल झाला की सामना संपायचा) गेली. २००२ मध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध जादा वेळेतला शेवटचा गोल आन जुंग-ह्वानने मालदिनीच्या डोक्यावरून उडी मारून केला आणि मालदिनीची इटलीसाठीची कारकीर्द तिथेच संपली. चार वर्षांनी इटलीने वर्ल्ड कप जिंकला तेव्हा तो संघात नव्हता. पण दक्षिण कोरियाच्या त्या गोलनंतर तो मिलानसाठी आणखी सात वर्षं खेळला आणि २००३ व २००७ मध्ये कर्णधार म्हणून चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, जिंकला. त्याच्या कारकिर्दीतला मला सगळ्यात मोठा वाटणारा भाग तोच.

फ्रान्सची स्टॉपर वेंडी रेनार हिचंही असंच. लियाँच्या महिला संघासोबत तिने आठ वेळा चॅम्पियन्स लीग जिंकली, फ्रान्सची कर्णधारही झाली, पण देशासाठी वर्ल्ड कप, युरो यांतलं काहीच तिच्या वाट्याला आलं नाही. स्टॉपर व्हर्जिल व्हॅन डाइक नेदरलँड्सकडून पहिला सामना खेळला तो चोवीस वर्षांचा असताना. २०१९ च्या बॅलन डी'ऑरमध्ये, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारात, मेस्सीच्या मागे तो फक्त सात गुणांनी राहिला. तरी त्याची देशाकडून खेळलेली पहिली मोठी स्पर्धा २०२२ चा वर्ल्ड कप, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. दोनदा त्याचा देश पात्रच ठरला नव्हता आणि एकदा गुडघ्याचा लिगामेंट फाटल्यामुळे तो मुकला. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला "अजून निवड नाही झाली?" असं विचारण्याआधी हे आठवावं, अशी माझी मनापासून विनंती आहे. मागच्या जागा उशिरा पिकतात. तिथे पायांइतकंच बघणं लागतं, आणि बघायला शिकण्यात वर्षं जातात.

"याची उंची कमी आहे" असंही काही जण सांगतात. फाबिओ कान्नावारो स्टॉपर असून १७६ सेंटिमीटरचा होता. २००६ च्या वर्ल्ड कपमध्ये त्याच्या इटलीने सात सामन्यांत दोनच गोल खाल्ले. एक स्वतःच्याच खेळाडूचा, दुसरा झिदानची पेनल्टी. फायनल हा त्याचा देशाकडून शंभरावा सामना होता आणि त्याच वर्षी त्याला बॅलन डी'ऑर मिळाला. पण मला त्याचे दोन सेकंद दाखवायचे आहेत. ४ जुलै, डॉर्टमुंड, सेमीफायनल. जादा वेळ संपत आलेली, इटली १-० ने पुढे, जर्मनीचा चेंडू इटलीच्या बॉक्समध्ये आला. कान्नावारोने तो हेडरने बाहेर काढला. कुणीही तिथे श्वास घेतला असता. तो मात्र स्वतःच्याच हेडरच्या मागे धावत सुटला आणि जर्मनीच्या पोडोल्स्कीच्या आधी चेंडूवर पोहोचला. तिथून तोत्ती, तोत्तीकडून जिलार्दिनो, त्याच्याकडून देल पिएरो, आणि गोल. फळ्यावर नाव लागलं देल पिएरोचं. आमची मुलं ती चित्रफीत बघताना कान्नावारो दुसऱ्यांदा धावतो तिथे "सर, परत लावा" म्हणतात, आणि मला फार बरं वाटतं.

एक गोष्ट मात्र तुमच्यापासून लपवणं मला योग्य वाटत नाही. ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास केला. त्यात सामान्य लोकांच्या तुलनेत या खेळाडूंना मेंदू झिजण्याचे आजार बरेच जास्त आढळले. २०२१ मध्ये जागेनुसार हिशेब आला तेव्हा सर्वांत जास्त धोका डिफेंडरना होता, साधारण पाचपट. गोलकीपरना मात्र तो सामान्य लोकांपेक्षा ठळकपणे जास्त आढळला नाही. वर्षानुवर्षं घेतलेले हेडर, हे त्यामागचं कारण असावं असं मानलं जातं. म्हणून लहान मुलांच्या सरावात मी हेडर घेतच नाही, आणि मोठ्यांना मोजून देतो. गुडघे, घोटे यांचीही किंमत मोजावी लागते. कारकीर्द व्हावी म्हणून मुलाला मागे उभं करा, असं मी कुणाला सांगत नाही. व्यावसायिक होणारी मुलं फार थोडी असतात, पुढे खेळणाऱ्यांतही.

मी त्याला मागे उभा करतो, कारण तिथून तो सगळं मैदान बघतो. हल्ली तो दर काही सेकंदांनी खांद्यावरून मागे पाहून घेतो, हे मी त्याला एकदाही सांगितलेलं नाही. शेजारच्या मुलाला "ये, ये, पुढे ये" म्हणून फळी वर आणतो. घरी फार बोलत नाही म्हणालात ना? मैदानावर सगळ्यात जास्त आवाज त्याचाच असतो.

रविवारी सामना आहे. तो मधल्या दोघांत डावीकडे असेल. त्याच्याकडून एखादा चेंडू निसटेलही. तेव्हा बाहेरून हाक मारू नका. पुढचं एक मिनिट नुसतं त्याच्याकडे बघा, आणि त्याने काय केलं ते सामन्यानंतर मला सांगा.