‘समीक्षकांना निमंत्रण’ : एका शोधनिबंधाचे २१४ दिवस

शोधनिबंध नियतकालिकाकडे सादर केला की त्याची सद्यःस्थिती सांगणारी एक ओळ लेखकाला दिसत राहते. माझ्या निबंधापुढे ‘समीक्षकांना निमंत्रण’, म्हणजे निबंध तपासून मत देणाऱ्या तज्ज्ञांचा शोध सुरू आहे, ही ओळ २१४ दिवस होती. हे दिवस मी मोजले आहेत, कारण त्या काळात मोजण्याखेरीज माझ्या हाती दुसरे काहीच नव्हते. प्रतिकारशक्तिशास्त्र, सूक्ष्मजीव जैवतंत्रज्ञान आणि ख्रिस्ती ईश्वरविज्ञान अशा तीन विद्याशाखांत पाय ठेवणारे संशोधन कोणी करू पाहत असेल, तर प्रयोगाची काळजी त्याने फारशी करू नये, असे मी अनुभवाने सांगते. प्रयोग होतात. अडते ते नंतर.

विषय थोडक्यात सांगते. सेरॅशिया मार्सेसेन्स हा जिवाणू ओलसर पिठूळ पदार्थावर रक्तासारखा लाल दिसतो. १८१९ मध्ये इटलीतील पाडुआच्या परिसरात मक्याच्या शिजवलेल्या पिठावर असे लाल डाग उठले आणि घबराट पसरली, तेव्हा बार्तोलोमिओ बिझिओ यांनी हे एका सूक्ष्म सजीवाचे काम असल्याचे दाखवले. त्याच्या कितीतरी आधीपासून ख्रिस्तप्रसादाच्या भाकरीतून, म्हणजे उपासनेत ख्रिस्ताचे शरीर मानून वाटल्या जाणाऱ्या गव्हाच्या पातळ चकतीतून, रक्त पाझरल्याच्या कथा युरोपात सांगितल्या जात होत्या. १२६३ सालची इटलीतील बोल्सेना येथील कथा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध आहे. जिवाणूचा आणि त्या कथांचा संबंध आमच्याआधी अनेकांनी जोडलेला आहे, त्यामुळे तेवढ्यावर निबंध लिहिण्यात अर्थ नव्हता.

आम्ही सुरुवात केली ती एका साध्या प्रथेपासून. अभिषिक्त भाकरी, म्हणजे धर्मगुरूने उपासनेत पवित्र केलेली चकती, जमिनीवर पडली किंवा खराब झाली आणि सेवन करण्याजोगी राहिली नाही, तर कॅथलिक परंपरेत ती पाण्यात ठेवून पूर्ण विरघळू देतात. काही दिवस पाण्यात भिजत पडलेली गव्हाची चकती आणि खोलीचे तापमान, म्हणजे या जिवाणूच्या दृष्टीने उत्तम मेजवानी. तिथे लाल रंग किती तापमानाला आणि किती दिवसांत येतो, त्या रंगद्रव्याचा, म्हणजे प्रोडिजिओसिनचा, मानवी टी-पेशींवर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींवर, काय परिणाम होतो, आणि ‘भाकरीला नेमके काय झाले’ या प्रश्नाला मध्ययुगीन ईश्वरवेत्ते कोणते उत्तर देतात, असे निबंधाचे तीन भाग होते. पहिले दोन माझे, तिसरा माझ्या सहलेखकांचा. ते ईश्वरविज्ञान शिकवतात.

प्रयोगशाळेतले काम सरळ पार पडले. सदतीस अंशांना ठेवलेल्या चकत्या फिकटच राहिल्या, कारण शरीराच्या तापमानाला हा जिवाणू वाढतो पण रंग बहुधा करत नाही. पंचवीस अंशांच्या भांड्यात चौथ्या दिवशी कडेने गुलाबी वलय आले आणि सहाव्या दिवशी चकतीच्या मध्यभागी गडद लाल, ओला, किंचित तंतुमय दिसणारा गोळा तयार झाला. काय पाहते आहे हे मला पूर्ण ठाऊक होते, जिवाणू मीच टाकला होता, तरीही हातमोजे घातलेला माझा हात क्षणभर थांबला. सहलेखकांना छायाचित्र पाठवले तेव्हा त्यांनी एवढेच कळवले : “आता तेराव्या शतकातल्या माणसांना हसू नका.”

जैवसुरक्षा समितीची परवानगी आम्हाला महिन्याभरात मिळाली. हा जिवाणू एकेकाळी निरुपद्रवी समजला जाई, इतका की १९५० मध्ये अमेरिकी नौदलाने सॅन फ्रान्सिस्कोच्या हवेत तो फवारून त्याचा प्रसार अभ्यासला होता. आज तो दुर्बळ रुग्णांना गाठणारा संधिसाधू रोगकारक म्हणून ओळखला जातो. अर्जात हा बदल आपणहून नोंदवावा, म्हणजे प्रश्न येण्याआधीच उत्तर गेलेले असते.

खरी गंमत सादरीकरणाच्या अर्जात झाली. ‘जैविक नमुन्याचा स्रोत’ या रकान्यात तीनच पर्याय होते : मानवी, प्राणिज, पर्यावरणीय. एक निवडल्याशिवाय पुढचे पान उघडत नव्हते. सहलेखक शेजारी बसले होते. ते म्हणाले, “भाकरीचे खरोखर ख्रिस्ताचे शरीर होते, असे चर्चच्या चौथ्या लॅटरन परिषदेने १२१५ मध्ये ठरवले, त्यानंतर या प्रश्नावर इतका थेट निर्णय आपल्याकडूनच मागितला जातो आहे.” आम्ही ‘पर्यावरणीय’ निवडले. चकत्या अभिषिक्त नव्हत्या, हे वाक्य मात्र पद्धतींच्या विभागात पहिल्याच परिच्छेदात घाला. आम्ही ते तळटीपेत टाकले होते, आणि संपादकांचे पहिले पत्र त्याच एका गोष्टीसाठी आले.

त्याआधी दोन नियतकालिकांनी निबंध समीक्षेला न पाठवताच परत केला होता. प्रतिकारशक्तिशास्त्राच्या नियतकालिकाला तिसरा भाग कक्षेबाहेरचा वाटला आणि ईश्वरविज्ञानाच्या नियतकालिकाला पहिले दोन. दोन्ही नकार आठवड्याच्या आत आले, म्हणून मला आज त्यांच्याबद्दल जवळजवळ आदर वाटतो. तिसऱ्या नियतकालिकाने आंतरविद्याशाखीय संशोधनाचे स्वागत करत असल्याचे ठळकपणे छापले होते. त्यांनी निबंध स्वीकारला, क्रमांक दिला, आणि मग ती ओळ आली.

पहिला महिना मी काही वाटून घेतले नाही. दुसऱ्या महिन्यात ओळीखालची तारीख बदलली. मला वाटले, कोणीतरी होकार दिला. प्रत्यक्षात एका समीक्षकाने नकार दिला होता आणि दुसऱ्याला निमंत्रण गेले होते, हे मला फार उशिरा कळले. तारीख बदलणे म्हणजे प्रगती असे समजू नका. तिसऱ्या महिन्यात मी कार्यालयाला विनम्र पत्र लिहिले. उत्तर आले की आपला निबंध आमच्यासाठी महत्त्वाचा आहे आणि समीक्षक शोधण्याचे काम सुरू आहे. चौथ्या महिन्यात पुन्हा लिहिले, तर तेच उत्तर स्वल्पविरामासकट परत आले. पाचव्या महिन्यात मी रोज सकाळी प्रयोगशाळेत शिरण्याआधी ती ओळ पाहू लागले, आणि तिच्यामुळे दिवसभर विद्यार्थ्यांवर चिडू लागले. एका विद्यार्थिनीने पेट्री डिशवर तारीख लिहिली नाही म्हणून मी जे बोलले, त्याबद्दल नंतर मला तिची क्षमा मागावी लागली.

शेवटी सहाव्या महिन्यात मी कार्यालय सोडून थेट सहसंपादकांना लिहिले आणि विनंती एकच केली : निमंत्रणे नाकारणारे नेमके काय कारण देतात, तेवढे कळवा, नावे नकोत. त्यांचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले, आणि ते प्रामाणिक होते. एकोणीस जणांना विचारून झाले होते. प्रतिकारशक्तीचे अभ्यासक लिहीत होते की शेवटच्या भागाबद्दल मत देण्याचा आपल्याला अधिकार नाही. ईश्वरविज्ञानाचे अभ्यासक लिहीत होते की टी-पेशींचे आलेख आपल्याला वाचता येत नाहीत. एकाने होकार दिला, आठ आठवडे निबंध स्वतःकडे ठेवला आणि मग त्याच कारणाने परत केला. निबंध वाईट आहे असे एकानेही म्हटले नव्हते. तो कोणी पूर्ण वाचायलाच घेतला नव्हता.

इतके महिने मी ज्याला आळस समजत होते तो बहुतांशी प्रामाणिकपणा होता, हे मान्य करायला मला दोन दिवस लागले. राग मात्र गेला नाही. एकोणीस नकार एकाच कारणाने येत असताना विसाव्याला तेच पत्र पाठवणाऱ्या व्यवस्थेवर तो आजही आहे.

मग आम्ही एक पानाचे टिपण तयार केले. कोणत्या परिच्छेदासाठी कोणते ज्ञान लागते, कोणत्या समीक्षकाने काय वगळले तरी चालेल, आणि तीन भाग एकमेकांवर नेमके कुठे टेकलेले आहेत, एवढेच त्यात होते. तीन समीक्षक नेमावेत आणि प्रत्येकाकडून आपल्या भागापुरतेच मत मागावे, आणि सांध्यांची जबाबदारी संपादकांनी घ्यावी, अशी विनंती केली. तीन आठवड्यांत तिघे मिळाले. हे टिपण निबंधाबरोबर पहिल्याच दिवशी पाठवा. माझे सहा महिने वाचले असते.

मध्येच आठवले म्हणून सांगते. साम्यतपासणीच्या सॉफ्टवेअरने आमच्या निबंधात चौतीस टक्के साम्य दाखवले होते. अहवाल उघडला तर सगळी बायबलमधील अवतरणे लाल झालेली होती. ‘हे माझे शरीर आहे’ या लूकच्या शुभवर्तमानातील शब्दांपुढे मूळ स्रोत म्हणून कुठल्यातरी विद्यार्थ्याच्या निबंधाची नोंद होती. अवतरणे वगळण्याची सोय त्यात असते; ती चालू करून घ्यायला संपादकांना सोबतच्या पत्रातच सुचवावे. संदर्भांच्या पद्धतीचाही घोळ आधीच मिटवा. विज्ञानात क्रमांक देतात, ईश्वरविज्ञानात तळटीपा. आम्ही दोनदा सगळे बदलले.

समीक्षा आल्या त्या उत्तम होत्या, आणि त्यामुळे विलंब अधिकच खटकला. प्रतिकारशक्तीच्या समीक्षकाने विचारले की टी-पेशींची वाढ थांबते ती दडपल्यामुळे की पेशी मरतात म्हणून, आणि जिवाणूच्या भित्तिकेतील एंडोटॉक्सिन हे प्रतिकारशक्तीला चेतवणारे विष रंगद्रव्यात मिसळलेले नाही हे कशावरून. प्रश्न रास्त होता, कारण हा जिवाणू दोन्हीकडून बोलतो : त्याचे रंगद्रव्य टी-पेशींना दडपते, तर त्याच्या मारलेल्या पेशी विल्यम कोली या अमेरिकी शल्यविशारदांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्ट्रेप्टोकोकस या दुसऱ्या जिवाणूबरोबर कर्करोगाच्या रुग्णांना टोचल्या होत्या, आणि प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या उपचारांचा इतिहास आज तिथून सांगितला जातो. आम्ही शुद्धीकरण पुन्हा केले आणि जिवंत पेशींची मोजणी जोडली.

ईश्वरविज्ञानाच्या समीक्षकाने तर निबंध वर उचलला. तेराव्या शतकातील ईश्वरवेत्ते थॉमस अक्विनास यांनी ‘सुम्मा थिओलॉजिए’ या आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात अभिषिक्त भाकरी कुजू शकते का आणि तिच्यातून दुसरे काही उत्पन्न होऊ शकते का, हे प्रश्न स्वतंत्रपणे घेतले आहेत आणि दोन्हींना होकार दिला आहे. सत्त्व बदलले तरी भाकरीचे बाह्य गुण टिकतात, आणि ते बिघडतात. म्हणजे भिजलेल्या चकतीवर जिवाणू वाढला, तर अक्विनास यांच्या मांडणीला धक्का लागत नाही. आम्ही हे एका वाक्यात आटोपले होते. समीक्षकाने त्याचा स्वतंत्र उपविभाग करायला लावला. शिवाय रक्ताळलेल्या भाकरीच्या प्रदर्शनाला १४५१ मध्ये निकोलस ऑफ कूसा या कार्डिनलनेच मनाई केली होती, आणि भाकरीची विटंबना केल्याच्या आरोपावरून १२९८ मध्ये जर्मन प्रदेशांत ज्यूंची कत्तल झाली होती, हे न लिहिता लाल डागांची रसायनशास्त्रीय कथा सांगणे अपुरे आहे, असे त्यांनी बजावले. तो परिच्छेद सहलेखकांनी एका रात्रीत लिहिला. निबंधातला सर्वांत चांगला परिच्छेद तोच आहे.

सुधारित प्रत गेल्यावर पाच आठवड्यांत स्वीकृतीचे पत्र आले. ते मी तीनदा वाचले, मग ती ओळ शेवटची पाहायला गेले. ‘स्वीकृत’ या शब्दाखाली विषय-वर्गीकरण आपोआप भरले गेले होते. चकती गव्हाची असल्यामुळे आमचा निबंध ‘अन्न सूक्ष्मजीवशास्त्र’ या सदरात गेला आहे, आणि ते बदलण्यासाठी केलेल्या अर्जापुढे सध्या ‘विचाराधीन’ अशी ओळ दिसते.