वडनेम्मेलीच्या मडक्यांतले साप

महाबलीपुरमला जाणारे बहुतेक जण रथमंदिरं आणि समुद्र पाहून परततात. आम्ही चेन्नईहून निघालो तेव्हा ईस्ट कोस्ट रोडवर वडनेम्मेलीला गाडी थांबवायचीच, हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं. तिथल्या मद्रास क्रोकोडाइल बँकेच्या आवारात साप पकडणाऱ्या इरुला आदिवासींची सहकारी संस्था आहे. "मगरी बघू, साप कशाला?" असं घरातून झालंच. पण आमच्या गावाकडे दर पावसाळ्यात कुणाला ना कुणाला पान लागतं, म्हणजे साप चावतो. त्यावरची लस येते कुठून, हे मला पाहायचं होतं.

सापांच्या विभागाचं तिकीट वेगळं काढावं लागतं. विष काढण्याचं प्रात्यक्षिक ठरावीक वेळीच असतं, म्हणून आत शिरताच त्याची चौकशी करावी, मगरी नंतर पाहाव्यात.

कठड्याशी उभं राहिलं की खाली ओळीनं मातीची मडकी दिसतात. प्रत्येकाच्या तोंडाला कापड बांधलेलं, आत वाळू. मडक्यात गारवा राहतो, अंधारात साप शांत पडून असतो. एका अण्णांनी गाठ सोडली, लोखंडी आकड्यानं नाग अलगद बाहेर घेतला. हातात मोजे नाहीत. नागानं फणा काढला तसे ते थांबले, त्याला निवू दिलं. मग डोकं हलकेच दाबून जबड्यामागे बोटं धरली आणि वर पातळ पडदा ताणून बसवलेल्या काचेच्या भांड्याकडे त्याचं तोंड नेलं. त्यानं पडद्याला चावा घेतला आणि आतल्या काचेवरून पिवळसर थेंब ओघळले. इतकंसंच विष! कठड्याभोवतीची सगळी गर्दी चिडीचूप झाली होती.

पुंगी नाही, सापाला डिवचणं नाही, गळ्यात घालून फोटो नाहीत. गारुड्याचे खेळ बघत वाढलेल्या मला हे फार भावलं.

तमिळ आणि मोडक्या इंग्रजीत अण्णा सगळं सांगत होते. इथं चारच जातींचं विष काढतात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. भारतात सर्पदंशानं होणारे बहुतेक मृत्यू याच चौघांमुळे होतात. साप काही आठवडे ठेवायचा, आठवड्यातून एकदा विष घ्यायचं, मग जंगलात सोडून द्यायचा. सोडण्याआधी पोटावरच्या खवल्यावर खूण करतात, म्हणजे तोच साप लगेच पुन्हा पकडला जात नाही. विष सुकवून त्याची भुकटी लस बनवणाऱ्यांकडे जाते. तिथं घोड्यांना ते अगदी थोड्या मात्रेत टोचतात, आणि घोड्याच्या रक्तात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांपासून आपली लस बनते.

हेच इरुला एके काळी कातड्यासाठी साप पकडायचे. 1972चा वन्यजीव कायदा आला, पुढे कातड्यांच्या निर्यातीवर बंदी आली आणि त्यांचं पोटच गेलं. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकारानं 1978मध्ये ही संस्था उभी राहिली आणि माग काढण्याची तीच विद्या माणसं वाचवायच्या कामी आली. 2023मध्ये वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या दोघा इरुलांना पद्मश्री मिळाली, ती अगदी योग्य हातांत गेली असं मला वाटतं.

मण्यारीबद्दल मात्र मी खोदून खोदून विचारलं. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत फारसं नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात, मग श्वास अडकतो. आवळून बांधणं, चिरा देणं, तोंडानं विष ओढणं यांतलं काहीही करायचं नाही. अवयव हलू द्यायचा नाही आणि थेट दवाखाना गाठायचा.

एक गोष्ट अजून मनातून जात नाही. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशानुसार बदलतं. देशातल्या लशीसाठी लागणारं विष बहुतांशी याच भागातल्या सापांचं, त्यामुळे दुसरीकडच्या घोणशीवर ती लस तितकीच लागू पडेल याची खात्री नसते. आपल्याकडच्या सापांचं विष आपल्याकडेच, असंच नीट आणि कायद्यानं गोळा व्हायला हवं, असं माझं ठाम मत झालं आहे.

परतल्यावर गावच्या आरोग्य केंद्रात फोन करून लस शिल्लक आहे का, ते विचारलं. आहे म्हणाले. रात्री डॉक्टर असतात का, तेही विचारून घेतलं.