तुम्ही विचारलंत म्हणून: आजींना घेऊन कॅपाडोकियाच्या गुहेत राहायचं का?

तुर्कस्तानात कॅपाडोकियाला जायचं ठरलं की लोक हमखास विचारतात: दोन मुलं, आई-बाबा, गुडघे दुखणाऱ्या सासूबाई एवढं लटांबर घेऊन त्या फोटोतल्या गुहा-हॉटेलात राहणं जमेल का? जमतं. फक्त हॉटेल बघून बुकिंग करू नका, खोली बघून करा. ही हॉटेलं म्हणजे पाच-सात जुनी घरं जोडून केलेली असतात आणि त्यातल्या कुठल्याही दोन खोल्या एकसारख्या नसतात. एक खोली उजेडाची, कोरडी, अंगणाला लागून. दुसरी त्याच छपराखाली तीन जिने वर, आणि आतल्या दालनाला खिडकीच नाही. वेबसाइटवर दोन्हींचं नाव ‘केव्ह सुइट’.

आधी दगड समजून घ्या, बाकीचं आपोआप समजतं. अजिंठा-वेरूळची लेणी लाव्हा थिजून झालेल्या बेसाल्टात आहेत. कॅपाडोकियाचा दगडही ज्वालामुखीचाच, पण राखेचा: टफ. एर्जियेस, हसन दाग वगैरे ज्वालामुखींनी लाखो वर्षं ओकलेली राख थरांवर थर बसून घट्ट झाली. हा दगड ताजा कापताना साध्या टिकावाने निघतो आणि हवा लागली की वरचा पापुद्रा टणक होतो. म्हणून इथल्या लोकांनी घरं, गोठे, चर्च, कबुतरखाने, द्राक्षं तुडवायच्या खोल्या सगळं कोरूनच केलं. संसार वाढला की मागची भिंत आणखी आत ढकलायची. पण मऊपणाची किंमतही मोजावी लागते. दगड पाणी शोषतो, थंडीत ते पाणी गोठतं, दगड फुटतो. दरडी कोसळू लागल्यामुळे चावुशिनची जुनी वस्ती गेल्या शतकात सोडून द्यावी लागली. मुस्तफापाशासारख्या गावातली ग्रीक कुटुंबं ग्रीस-तुर्कस्तानमधल्या 1923च्या लोकसंख्या-अदलाबदलीत निघून गेली. अशी रिकामी आणि अर्धी रिकामी घरं पुढे पान्सियोन (छोटी घरगुती गेस्टहाउसं) आणि हॉटेलं झाली. इथल्या गोरेमे गावाचा परिसर 1985 पासून जागतिक वारसा यादीत आहे. संरक्षित भागात परवानगीशिवाय बांधकामाला हात लावता येत नाही, त्यामुळे लिफ्ट विचारूच नका.

खोल्या ढोबळ मानाने तीन प्रकारच्या. पूर्ण खडकात कोरलेली. कापीव दगडांनी बांधलेली, वर कमान असलेली. आणि पुढे बांधकाम, मागे गुहा अशी मिश्र. फोटोत छताकडे बघा. दगडांचे सांधे दिसले तर ती कमानीची खोली, गुहा नव्हे. सांधे नसतील तर छिन्नीचे वण बघा. जुने वण वेडेवाकडे, कमी-जास्त खोल असतात. यंत्राने अलीकडे कोरलेल्या भिंतीवर सारख्या अंतराच्या समांतर रेघा दिसतात. ‘ऐतिहासिक’ म्हणून जास्त पैसे मागत असतील तर हा फरक माहीत हवा. भिंतीत कंबरेच्या उंचीवर ओळीने खोदलेले खळगे दिसले तर तो गोठा होता, त्या गव्हाणी. जमिनीत गोल खड्डा आणि वर काळवंडलेलं छत म्हणजे तंदूर, अर्थात स्वयंपाकघर. आणि उतरता हौद, खाली भोक, शेजारी दुसरा खोलगट हौद असं काही असेल तर तिथे द्राक्षं तुडवून रस काढत. मुलांना ही शोधाशोध करायला लावा, कुठल्याही गाइडपेक्षा जास्त वेळ रमतात.

आता दमटपणा. तक्रारी येतात त्या बहुतेक याच्याच. जवळच्या ओर्ताहिसार गावात अशाच कोरलेल्या गुहांमध्ये भूमध्य समुद्राकडची लिंबं महिनोन्‌महिने साठवतात, कारण आतलं तापमान आणि ओलावा वर्षभर फारसा हलत नाही. लिंबांना जे मानवतं ते धुतलेल्या मोज्यांना मानवत नाही. गरम पाण्याच्या आंघोळीची वाफ गार दगडावर बसते, तिला बाहेर जायला वाट नसते, टॉवेल सकाळीही ओलाच. खोलीतच जकूझी असेल तर आणखी वाईट, आणि नेमकी तीच खोली सगळ्यात महाग. पावसाचा जोर वसंतात असतो, तेव्हा भेगांतून पाणीही झिरपतं. कोरड्या उन्हाळ्यात हा त्रास बराच कमी.

दगडाची भुकटी पडू नये म्हणून बरेच जण भिंतींना पारदर्शक लेप देतात. लेप नसेल तर सकाळी उशीवर बारीक रेती सापडते. ती अस्वच्छता नव्हे, छत झडतंय. लेप असेल आणि मागून ओल येत असेल तर तो फुगतो, पोपडे सुटतात. फोटोत पांढुरके डाग किंवा सोललेले पापुद्रे दिसले की ती खोली सोडा. घरात कुणाला दमा किंवा धुळीची अॅलर्जी असेल तर कमानीची, दोन खिडक्यांची खोलीच घ्या; गुहेत जेवा, गुहेत फोटो काढा, झोपा मात्र बांधलेल्या खोलीत. बाकीच्यांनी बाथरूमचं दार लावून आंघोळ करावी, पंखा नंतरही चालू ठेवावा, बॅगा जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवू नयेत आणि बंद ठेवाव्यात.

थंडीचं गणित वेगळं. गोरेमे समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे. जानेवारीत बर्फ असतो आणि ऑगस्टच्या रात्रीसुद्धा शाल लागते. ‘गुहा हिवाळ्यात उबदार’ हे अर्धंच खरं. बाहेर उणे दहा असताना गुहा त्याहून बरीच ऊबदार असते, पण अंगावर स्वेटर लागेल इतकी गारच. हीटिंग चालू केलं तरी एवढा दगड तापायला वेळ लागतो. खोली दोन दिवस रिकामी असेल तर तुमची पहिली रात्र कुडकुडत जाते. म्हणून हिवाळ्यात जाताना आदल्या दिवसापासून हीटिंग चालू ठेवा, असं लेखी कळवा. खोलीत शेकोटी किंवा लाकडाची शेगडी असेल आणि खिडकी नसेल, तर ती पेटवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पायऱ्या. सासूबाईंचा प्रश्न खरं तर इथेच सुटतो किंवा अडतो. गावं उतारावर वसलेली, हॉटेलं त्याच उतारावर एकावर एक रचलेली. पायरी कधी वीतभर, कधी गुडघ्याएवढी. मधे झिजलेली, पावसात निसरडी, बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. ईमेलमध्ये नेमकं विचारा: गाडी थांबते तिथून खोलीच्या दारापर्यंत किती पायऱ्या, खोलीच्या आत किती, आणि नाश्त्याची गच्ची आणखी किती वर. तिसरा प्रश्न लोक विसरतात. रात्री बाथरूमला जाताना लागणारी खोलीतली एक पायरी ज्येष्ठांना बाहेरच्या वीस पायऱ्यांपेक्षा घातक. छोटा टॉर्च उशाशी ठेवा; आतल्या दालनात दिवा मालवला की डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही.

लहान मुलांसाठी: बाबागाडी घरी ठेवा, कडेवर घ्यायचा कॅरिअर न्या. गच्च्यांचे कठडे नीट बघा. काही छोटी हॉटेलं बारा वर्षांखालची मुलं घेतच नाहीत, तेव्हा वयं आधी सांगा. ‘फॅमिली सुइट’ म्हणजे सहसा एकामागे एक दोन दालनं, मधे नुसती कमान, दार नाही. मुलांना आत झोपवलंत तर हवा त्यांना कमी. तुम्ही आत झोपलात तर मुलं बाहेरच्या दाराशी. आम्ही दुसरा पर्याय निवडायला सांगतो, बाहेरच्या दाराला वरची कडी असेल तर. आणि भिंत एवढी जाड असते की शेजारच्या खोलीतून आजी-आजोबांनी हाक मारली तरी ऐकू येत नाही. मोबाइलची रेंज दारापाशीच संपते, वायफायही आत जेमतेम पोचतं. रिसेप्शनला लागणारा खोलीतला फोन चालतो का, ते पहिल्याच दिवशी बघून घ्या.

गाव कुठलं? गोरेमेला बस स्थानक, जेवणाची ठिकाणं, खडकात कोरलेल्या चर्चचं ओपन एअर म्युझियम सगळं जवळ. कुटुंबाला तेच सोयीचं, गर्दी सोसायची तयारी हवी. उचहिसारची नजर दूरवर पोचते, पण चढ जीव काढतो. उर्गुप मोठं, शहरी. पायऱ्या अगदीच नको असतील तर मुस्तफापाशाची जुनी ग्रीक दगडी घरं बघा. नेवशेहिर विमानतळ गोरेमेहून साधारण 40 किलोमीटर, कायसेरी 75च्या आसपास. उड्डाणं कायसेरीला जास्त.

किमान तीन रात्री राहा, आणि हॉट एअर बलूनची सफर पहिल्याच सकाळची ठरवा. वाऱ्यामुळे उड्डाण रद्द होणं नेहमीचंच, मग पुढची सकाळ हाताशी राहते. सहा वर्षांखालच्या मुलांना सहसा घेत नाहीत, गरोदर स्त्रियांना नाही. टोपलीत छातीइतकी कड ओलांडून चढावं लागतं, तासभर उभं राहावं लागतं आणि उतरताना गुडघ्यात वाकून धक्का सोसावा लागतो. दुखऱ्या गुडघ्यांनी गच्चीवरून बघावं, फुकट दिसतं. कायमाक्ली आणि देरिनकुयू या भूमिगत शहरांचंही तेच: बोगदे वाकून जाण्याइतकेच उंच, मधेच परत फिरणं अवघड.

शाकाहाऱ्यांची नाश्त्याला चंगळ असते: चीज, ऑलिव्ह, टोमॅटो, काकडी, मध, जर्दाळूचा मुरंबा, ताजा पाव. दुपारी पालक किंवा बटाटा भरलेलं ग्योझलेमे, म्हणजे तव्यावर भाजलेली पातळ पोळी. फसगत होते ती निरुपद्रवी दिसणाऱ्या पदार्थांत. मसुराचं सूप, भात, बुलगुर (गव्हाचा दलिया), राजम्यासारखी कुरू फासुल्ये यांत मांसाचं किंवा कोंबडीचं पाणी असू शकतं. ‘एतसिझ’, म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हटलं तर ते फक्त तुकडे काढतात. ‘एत सुयू वार मी?’ असं विचारा, म्हणजे मांसाचं पाणी आहे का. कोंबडीसाठी ‘तावुक सुयू’. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी हॉटेलला दोन दिवस आधी लिहावं. दहा-बारा खोल्यांच्या हॉटेलात स्वयंपाक बहुधा घरच्याच बायका करतात आणि वांगं, बटाटा, दही असं काहीतरी वेगळं करून देतात.