दहा अंकी संख्येची खोड

परवा दुपारी समोरच्या इमारतीच्या फाटकावर ‘जागा भाड्याने देणे आहे’ अशी पाटी लागली आणि तिच्यावरच्या दहा अंकी फोन क्रमांकाला सातने भाग जातो का, हे पाहिल्याशिवाय माझा पाय पुढे निघेना. जागेची मला काहीही गरज नव्हती. ही खोड आजोबांनी लावलेली. औटकीपर्यंतचे पाढे म्हणून झाले की ते पाटीवर एखादी लांबलचक संख्या लिहीत, उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडत आणि त्यांची आळीपाळीने वजाबाकी-बेरीज करायला लावत. ७, ११ आणि १३ यांचा गुणाकार १००१ येत असल्यामुळे, जे उरेल त्याला या तिघांपैकी ज्याने भाग जातो, त्यानेच अख्ख्या संख्येलाही जातो.

या युक्तीला दाद न देणारी माझी लाडकी संख्या म्हणजे ४२९४९६७२९७, अर्थात दोनाचा बत्तिसावा घात अधिक एक. २९७ वजा ९६७, अधिक २९४, वजा ४. उरले उणे ३८०. सात नाही, अकरा नाही, तेराही नाही. सतराव्या शतकातला फ्रेंच गणितज्ञ फर्मा यालाही ती मूळ संख्याच वाटली होती, कारण दोनाच्या पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि सोळाव्या घातात एक मिळवून येणाऱ्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ या मूळ संख्यांच्या रांगेत तिचा क्रमांक पुढचा. १७२९ मध्ये गोल्डबाख या गणितज्ञाने पत्र लिहून दुसरा गणितज्ञ ऑयलर याचे लक्ष या समजुतीकडे वेधले, आणि १७३२ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे ऑयलरने तिचे अवयवच पुढे ठेवले: ६४१ आणि ६७००४१७.

मला नवल वाटते ते फर्माचे. या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीत एक मिळवूनच येतो, हे त्याच्याच १६४० सालच्या प्रमेयाच्या आधारे काढता येते. म्हणजे तपासायचे ते १९३, २५७, ४४९, ५७७ आणि लगेच ६४१. अवघे पाच भागाकार! इतक्या हुशार माणसाने ते करून पाहू नयेत?

आणि ६४१ हा अंकही किती मनमिळाऊ! तो ५ गुणिले १२८ अधिक १ आहे आणि ६२५ अधिक १६ सुद्धा आहे. पहिल्या मांडणीमुळे ५ गुणिले १२८ ला ६४१ ने भागल्यावर बाकी उणे एक राहते, चौथा घात केला की ती एक होते. त्या घातातल्या ६२५ च्या जागी दुसऱ्या मांडणीतले उणे १६ ठेवले की दोनाच्या बत्तिसाव्या घाताची बाकी उणे एक निघते. त्यात एक मिळवा, भाग निःशेष जातो. कागदाच्या कोपऱ्यात मावणारी ही सिद्धता मी कंटाळवाण्या बैठकांत अजूनही लिहून काढतो.

फर्माच्या त्याच रांगेत पुढे, दोनाच्या घातांकाच्या जागी दोनाचाच विसावा घात चढवून वर एक मिळवलेली, तीन लाखांहून अधिक अंकांची एक संख्या आहे. तिला अवयव आहेत हे सिद्ध झाले आहे. त्यांतला एकही अजून कोणाला सापडलेला नाही. तिथे आजोबांची पाटी अर्थातच पुरणार नाही.